कन्सोलचें वायफाय आणि घरांतील तंटा

सुटी लागली कीं शहरांतील पुष्कळ घरांत एक नव्या तऱ्हेचा तंटा सुरू होतो. पूर्वीं तो पतंगाच्या मांज्यावरून किंवा चेंडूनें फुटलेल्या शेजाऱ्याच्या कांचेवरून होत असे. आतां तो टीव्हीखालीं ठेवलेल्या खेळाच्या यंत्रावरून होतो. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो स्विच अशा नांवांनीं विकलीं जाणारीं व मुलांच्या भाषेंत ‘कन्सोल’ म्हणविलीं जाणारीं हीं यंत्रें घरांतील वायफायच्या आधारानें दूरदूरच्या खेळाडूंशीं सामना लावून देतात. सामना ऐन रंगांत आला असतां पडद्यावर ‘संपर्क तुटला’ अशा अर्थाची पाटी झळकते, चिरंजीव हातांतील कंट्रोलर गादीवर आपटतात, आणि पुढें अर्धा तास घरांत जें संभाषण चालतें त्यांत यंत्राविषयीं फारसें कांहीं नसून एकमेकांच्या स्वभावाविषयींच पुष्कळ असतें. मुलगा म्हणतो, बाबांनीं स्वस्तांतलें कनेक्शन घेतलें त्याचें हें फळ. वडील म्हणतात, तूंच कांहीं तरी बटणें दाबून ठेवलीं असशील. आणि आई म्हणते, बंद पडलें तें बरेंच झालें, आतां तरी पुस्तक उघड.

या तिन्ही मतांशीं आम्ही सहमत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, बिघाड कोठें आहे हें ठरल्यावांचून कोणासही बोल लावूं नये व एक पैही खर्च करूं नये. आणि तो ठरविण्याचें काम वडील माणसांनीं आपल्याकडे न घेतां, किंवा लागलीच बाहेरच्या मनुष्यास न बोलावतां, प्रथम त्या मुलाच्याच हातीं द्यावें. खेळ त्याचा, तळमळ त्याची, आणि वेळही त्याच्याच जवळ. गणिताच्या पुस्तकांतील उदाहरण सोडवावयास ज्याला दहा वेळां सांगावें लागतें, तोच मुलगा या कामीं न सांगतां दोन तास बसतो, हें आम्हीं पाहिलें आहे. ही तळमळ चांगल्या कामीं लावून घ्यावी, कीं तिची बोळवण ‘पुरे झाला तो खेळ’ या चार शब्दांनीं करावी, एवढाच काय तो प्रश्न आहे.

आईच्या मताचा विचार प्रथम करूं, कारण तेंच सर्वांत बलवत्तर आहे. मुलांनीं किती वेळ खेळावें हा प्रश्न खरा व महत्त्वाचा आहे. पण त्याचें उत्तर घरच्या शिस्तीनें द्यावयाचें असतें, बिघडलेल्या राउटरनें नव्हे. शिवाय ज्या लहरींवर मुलाचा खेळ चालतो त्याच लहरींवर वडिलांचें कचेरीचें काम, थोरल्या बहिणीचा कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज आणि आजीचें परदेशांतील लेकाशीं बोलणें चालतें. या सर्वांत कन्सोल अधिक चिडखोर, एवढाच भेद. मोबाइलवर चित्रपट पाहणाऱ्यास मधल्या दोन सेकंदांची तूट कळतही नाहीं, कारण पुढचा भाग अगोदरच येऊन सांठलेला असतो. खेळांत तसा सांठा करतां येत नाहीं. समोरच्या गड्यानें या क्षणीं काय केलें तें याच क्षणीं कळावें लागतें. म्हणून घरच्या जाळ्यांतील दोष प्रथम कन्सोलवर उघडकीस येतो. कन्सोल रडूं लागला म्हणजे पुढच्या आठवड्यांत वडिलांची सभा मध्येंच गोठण्याचा संभव असतो. बंद पडलें तें बरें झालें म्हणणें म्हणजे घरांत जळकट वास येत असतां, वास फक्त धाकट्यालाच येतो म्हणून स्वस्थ बसण्यासारखें आहे.

आतां दोष शोधावयाचा म्हणजे काय करावयाचें ? ‘बिनतारी’ हा शब्द येथें थोडा फसवा आहे. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत हल्लीं बहुधा कांचेचा तंतु आलेला असतो, तो भिंतीवरील एका लहान पेटींत संपतो, तेथून राउटर, आणि राउटरपासून कन्सोलपर्यंतचा शेवटचा दहावीस फुटांचा टप्पाच काय तो बिनतारी. पुढें पलीकडच्या टोकाला खेळ चालविणाऱ्या कंपनीचे संगणक असतात. साखळीची कोणतीही कडी निखळली तरी पडद्यावरची पाटी साधारण सारखीच दिसते, आणि सर्व गैरसमज येथूनच उत्पन्न होतात.

सुदैवानें ही साखळी कडीकडीनें तपासण्याची सोय कन्सोलांतच केलेली असते. प्लेस्टेशनवर सेटिंगमधील नेटवर्कच्या सदरांत जोडणीची चांचणी घेतां येते, व इतर कन्सोलांवरही तशीच सोय आहे. मुलें ही चांचणी घेतात, पण शेवटचा वेगाचा आंकडा तेवढा पाहतात आणि वरच्या ओळी वाचीत नाहींत. सर्व मर्म त्या ओळींतच आहे. पहिली ओळ सांगते कीं, राउटरनें कन्सोलला ‘आयपी पत्ता’, म्हणजे घरच्या जाळ्यापुरता एक क्रमांक, दिला किंवा नाहीं. ही ओळ फसली तर दोष घराच्या चार भिंतींच्या आंत आहे. कंपनीस फोन करून उपयोग नाहीं. पहिली साधली व इंटरनेटची दुसरी ओळ फसली, तर राउटरपासून बाहेर जाणाऱ्या वाटेकडे पाहावें. या दोन्ही साधून खेळाच्या जाळ्यांत प्रवेश मिळण्याची तिसरी ओळ फसली, तर दोष बहुधा आपल्या घरींही नाहीं व आपल्या कंपनीकडेही नाहीं.

असे प्रसंग कल्पनेंतले नव्हेत. २०११ सालच्या एप्रिलमध्यें प्लेस्टेशनच्या जाळ्यावर चोरट्यांनीं धाड घातली, तेव्हां सुमारें ७ कोटि ७० लक्ष खात्यांची माहिती धोक्यांत आली व तें जाळें तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिलें. २०१४ च्या नाताळांत प्लेस्टेशन व एक्सबॉक्स या दोहोंचींही जाळीं एकदमच कोलमडलीं; ज्या मुलांना त्याच सकाळीं नवा कन्सोल भेट मिळाला होता त्यांची काय स्थिति झाली असेल ती वाचकांनींच कल्पावी. २०२५ च्या फेब्रुवारींत पुन्हां जवळ जवळ एक दिवस प्लेस्टेशनचें जाळें बंद होतें. अशा दिवशीं घरोघर राउटर उलटेसुलटे करून पाहिले जातात व त्या श्रमांचें चीज होत नाहीं. खेळाच्या कंपन्या आपलें जाळें चालू आहे किंवा नाहीं हें आपल्या स्थितिदर्शक पानावर जाहीर करीत असतात. तें पान मोबाइलवर आधीं पाहावें व मग हातोडा उचलावा.

दोष घरांतच आहे असें ठरलें म्हणजे पुढची गोष्ट ही कीं, एका वेळीं एकच बदल करावा. रसायनशाळेंत एकाच नळींत तीन द्रव्यें ओतून रंग कोणामुळें बदलला असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षक काय म्हणतात तें आमच्या बालवाचकांना ठाऊक आहेच. तरी तेच वाचक घरीं येऊन राउटर बंद करतात, पासवर्ड बदलतात, कन्सोल दुसऱ्या खोलींत नेतात, आणि मग चालूं लागलें कीं ‘झालें !’ म्हणतात. काय झालें ? पुढच्या शनिवारीं तेंच बंद पडलें म्हणजे पुन्हां तिन्ही खटाटोप करावे लागतात.

दोन कसोट्या फार उपयोगाच्या आहेत. कन्सोलच्या अगदीं शेजारीं मोबाइल ठेवून त्याच वायफायवर तो चालवून पाहावा. मात्र तत्पूर्वीं मोबाइलची स्वतःची डेटा-सेवा बंद करावी, नाहीं तर वायफाय मेलेलें असतांही मोबाइल गुपचूप टॉवरवरून काम चालवितो व खोटी साक्ष देतो. दुसरी कसोटी केबलची. राउटर व कन्सोल यांमध्यें साधी लॅन केबल जोडावी. केबलवर खेळ निर्वेध चालला तर दोष हवेंतल्या टप्प्याचा; केबलवरही अडला तर बिचाऱ्या वायफायला निष्कारण शिव्या बसत होत्या. प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांना केबलसाठीं जागा असते. स्विचच्या पहिल्या डॉकला ती नव्हती, २०२१ सालीं निघालेल्या ओलेड स्विचच्या डॉकला मात्र आहे. आमच्या मतें ज्या घरीं राउटर व कन्सोल एकाच खोलींत आहेत तेथें ही केबल कसोटीपुरती न लावतां कायमचीच लावावी. भिंतीच्या कडेनें गेलेली एक तार डोळ्यांस खुपते म्हणून रोजचा तंटा पत्करणें हा सौंदर्यदृष्टीचा अतिरेक होय.

बंद करून पुन्हां सुरू करण्याच्या उपायास पुष्कळ लोक हंसतात. आम्ही हंसत नाहीं. राउटर हाही एक लहानसा संगणकच आहे. महिनेच्या महिने अहोरात्र चालून त्याच्या स्मृतींत गोंधळ सांचतो, दिलेल्या पत्त्यांच्या यादींत गफलत होते. मात्र त्यास क्रम आहे. प्रथम भिंतीवरची तंतूची पेटी, तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर, दोन मिनिटांनीं कन्सोल. आणि कन्सोल नुसता निजवून चालत नाहीं, पुरता बंद करावा लागतो. राउटरच्या पाठीशीं टांचणी जाईल एवढें एक भोंक असतें. तें टोचल्यास राउटर कारखान्यांतून आला त्या स्थितींत जातो, म्हणजे कंपनीनें भरून दिलेलें नांव, संकेतशब्द व सर्व मांडणी पुसली जाते. त्या भोंकास मुलांनीं हात लावूं नये, आणि वडिलांनीं तर मुळींच लावूं नये.

आतां हवेंतल्या टप्प्याकडे वळूं. निम्म्याहून अधिक तंटे आमच्या समजुतीप्रमाणें येथेंच उत्पन्न होतात, आणि येथें पैशाची गरज सर्वांत कमी असते. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अदृश्य विद्युल्लहरी भिंतींतून पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखविली, तेव्हां लोक थक्क झाले होते. आज प्रत्येक घरांत तोच चमत्कार अहोरात्र चालूं आहे, आणि आपण त्यास लोखंडी कपाटामागें कोंडून ठेवतों. वायफायच्या लहरी प्रामुख्यानें दोन पट्ट्यांत असतात : २.४ गिगाहर्ट्झ, जिची एक लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब. व ५ गिगाहर्ट्झ, जिची लांबी सुमारें सहा सेंटिमीटर. पहिली संथ पण भिंतींतून बरी जाणारी. दुसरी चपळ, पण दोन भिंतींतच दमणारी. धातूवरून दोन्ही परततात, आणि पाणी त्यांस पिऊन टाकतें. लोखंडी कपाट, त्याच्या दारावरचा आरसा, स्वयंपाकघरांतील पितळी डब्यांची उतरंड, माशांची कांचेची पेटी, माळ्यावरची पाण्याची टांकी, हे सर्व आपल्या घरांतील लहरींचे वाटमारे आहेत.

ठाण्याच्या एका इमारतींत आमच्या परिचयाचें एक कुटुंब राहतें. राउटर दारापाशीं चपलांच्या कपाटांत, कारण पाहुण्यांस त्याच्या तारा दिसूं नयेत. आणि कन्सोल आंतल्या खोलींत. वडिलांनीं अधिक वेगाचें कनेक्शन घ्यावयाचें जवळ जवळ ठरविलें होतें. घरांतील सातवींतल्या मुलीनें घराचा नकाशा कागदावर काढला, टीव्हीसह कन्सोल हलविणें शक्य नसल्यामुळें मोबाइल घेऊन ती प्रत्येक खोलीच्या चारी कोपऱ्यांत उभी राहिली, व दिसेल तो सिग्नल तिनें नकाशावर पेन्सिलीनें टिपला. नकाशा पुरा होतांच एक सरळ सांवली दिसूं लागली : राउटरपासून निघून आईच्या लोखंडी कपाटाला स्पर्श करून ती बरोबर कन्सोलपर्यंत पोहोंचत होती. कपाट हलविण्यास आईनें साफ नकार दिला, व तो रास्तच होता, कारण तें भिंतींत बसविलेलें होतें. मग राउटर चपलांतून काढून बैठकीच्या खोलींत उंच फळीवर मोकळा ठेवला. कनेक्शन तेंच राहिलें. वडिलांचे जे पैसे वांचले त्यांतून त्या मुलीस कांहीं मिळालें कीं नाहीं हें आम्हांस कळलें नाहीं. मिळावयास हवें होतें.

कित्येकदां अडथळा वस्तूंचा नसून वेळेचा असतो. रोज जेवणाच्या सुमारासच खेळ तुटत असेल तर मायक्रोवेव्ह भट्टीकडे संशयानें पाहावें, कारण ती सुमारें २.४५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या पहिल्या पट्टींतच चालते, आणि तिच्या दाराच्या फटींतून निसटणारा किंचित् अंशही शेजारच्या दुर्बळ सिग्नलास पुरून उरतो. ब्लूटूथचीं सर्व उपकरणेंही याच पट्टींत असतात. आपल्या देशांत २००५ सालापासून ही पट्टी अल्प शक्तीच्या उपकरणांसाठीं परवान्यावांचून खुली आहे, आणि जी वाट फुकट ती गजबजलेली हा न्याय येथेंही लागू आहे. मुंबईपुण्याच्या इमारतींत एका खोलींत उभें राहून शेजाऱ्यांच्या वायफायचीं नांवें मोजावींत. हाताचीं बोटें पुरत नाहींत. या पट्टींत एकमेकांवर न चढणारे असे मार्ग तीनच मानतात, १, ६ व ११; आणि पुष्कळ राउटर जो मार्ग हातीं लागला त्यावरच ठाण मांडून असतात. रात्रीं नऊनंतर सर्व इमारत घरीं आली म्हणजे खेळ अडखळतो, सकाळीं मात्र सुरळीत चालतो, असें असेल तर राउटरच्या सेटिंगमध्यें मार्ग बदलून पाहावा, किंवा कन्सोल दुसऱ्या पट्टीवर न्यावा.

येथें जुन्या यंत्रांची एक अडचण सांगून ठेवतों, कारण पुष्कळ मुलांकडे कन्सोल येतो तो मावसभावाचा वापरून झालेला. २०१३ सालचा पहिला प्लेस्टेशन ४ फक्त २.४ गिगाहर्ट्झचीच पट्टी जाणतो. घरांत कोणी उत्साहानें ती पट्टी बंद केली असेल तर त्याला आपल्या घरचें वायफाय दिसणारच नाहीं. २००४ सालच्या निन्टेन्डो डीएसला तर केवळ वेप नांवाचें जुनें कुलूप कळतें, आणि तें कुलूप फोडतां येतें हें २००१ सालींच सिद्ध झालेलें होतें. एका खेळण्यासाठीं सबंध घराच्या दाराला असलें कुलूप लावूं नये. त्या यंत्रावर एकट्यानें खेळावयाचे खेळ उत्तम आहेत.

आतां वडिलांच्या खिशाचा प्रश्न. ‘अधिक वेगाचें कनेक्शन घ्या’ हा सल्ला मुलें देतात, दुकानदार देतात व कंपनीचा फोनवरील मनुष्य तर विचारल्यावांचूनच देतो. वेग या शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, व त्यांची गल्लत करण्यांत ज्यांचा फायदा आहे ते ती उघड करून दाखवीत नाहींत. एक म्हणजे नळाची रुंदी. १०० मेगाबिटांचें कनेक्शन म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. तेव्हां १०० गिगाबाइटांचा नवा खेळ उतरवून घेण्यास सव्वादोन तास लागणारच, व ३०० मेगाबिटांचें कनेक्शन घेतल्यास तेंच काम पाऊण तासांत होईल. हें काम मात्र एका खेळापाठीमागें एकदांच करावयाचें. रात्रीं लावून निजलें तरी भागतें. प्रत्यक्ष सामना चालू असतां होणारी देवाणघेवाण बहुधा सेकंदास एका मेगाबिटाहूनही कमी असते. तेथें महत्त्व दुसऱ्या गोष्टीला, म्हणजे निरोप जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळाला, आणि तो वेळ नळ रुंद केल्यानें घटत नाहीं. समजा, खेळाचा संगणक सिंगापुरास आहे. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेनें सुमारें ३,९०० किलोमीटर. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणजे जाऊन येऊन निदान ३९ सहस्रांश सेकंद लागणारच, आणि तंतु कांहीं सरळ रेषेंत टाकलेला नसल्यामुळें प्रत्यक्षांत अधिकच लागतात. जगांतील कोणतीही कंपनी कितीही पैसे घेऊन हा आंकडा खालीं आणूं शकत नाहीं. आठ शिंगांचा, तांबडे दिवे मिचकावणारा ‘गेमिंग राउटर’ही आणूं शकत नाहीं. जाहिरातींतील त्या राउटरची किंमत पाहून एखाद्या कुटुंबांत महिनाभराचा किराणा आठवेल.

विलंब वाढविणारी घरगुती कारणें मात्र असतात, आणि तीं शोधण्यासारखीं आहेत. लग्नाहून परत आलेल्या मावशीचा मोबाइल शेंकडों छायाचित्रें आपोआप वर चढवीत असला म्हणजे बाहेर जाणारी वाट तुंबते, व कन्सोलचे चिमुकले निरोप त्या वरातीमागें तिष्ठत राहतात. त्यावर उपाय म्हणजे मावशीला रात्रीपर्यंत थांबण्याची विनंती. पुष्कळ राउटरांत एका यंत्रास अग्रक्रम देण्याचीही सोय असते.

‘नॅट’ची गोष्ट थोडी बिकट आहे. जोडणी उत्तम असतां मित्राशीं बोलतां येत नाहीं, किंवा त्याच्या खोलींत शिरतां येत नाहीं, अशी तक्रार असेल तर चांचणींतील नॅटची ओळ वाचावी. एका वाड्यांत वीस बिऱ्हाडें असून टपाल-पत्ता वाड्याचा एकच असावा, तसें घरांतील सर्व यंत्रांचें असतें; आलेलें पत्र कोणत्या बिऱ्हाडाचें तें देवडीवर बसलेला राउटर ठरवितो, व अनाहूत पत्र परत करतो. हल्लीं तर कंपन्या असे कित्येक वाडे एका मोठ्या आवारांत घालून आवाराचा एकच पत्ता बाहेर देतात. याचें कारण असें कीं, इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून सुमारें ४२९ कोटि, आणि त्यांचा मध्यवर्ती सांठा २०११ च्या फेब्रुवारींतच वांटून संपला. आपल्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आंकड्यांनीं सुरू होत असेल तर आपण अशा आवारांत आहों असें समजावें. ही मालिका २०१२ सालीं त्याचसाठीं राखून ठेवली गेली. मग घरच्या राउटरची दारें कितीही उघडलीं तरी आवाराचा दरवाजा बंदच. उपाय कंपनीच्या हातीं असतो, आणि स्वतंत्र पत्त्यासाठीं ती बहुधा निराळे पैसे मागते.

हें ठाऊक नसलेलीं मुलें कोणा अनोळखी खेळाडूच्या सल्ल्यानें राउटरची सर्व दारें सताड उघडतात, तटबंदी काढून टाकतात, कधीं राउटरचा संकेतशब्दही त्याला कळवितात. येथें आम्ही वडील माणसांच्या बाजूचे आहों. शोधण्याचें काम मुलाचें; परंतु राउटरच्या आंतील कोणतीही कडी काढण्यापूर्वीं त्यानें घरांत विचारलेंच पाहिजे, कारण त्याच दारामागें आजोबांचें बँकेचें खातेंही आहे.

आणि आतां मुलांच्या बाजूनें एक गोष्ट, जी आम्ही कांहीं पालकांस राग येईल हें जाणूनही लिहितों. कित्येक घरांत परीक्षा जवळ आली कीं वडील गुपचूप वायफायचा पासवर्ड बदलतात, किंवा राउटरमध्यें कन्सोलपुरती वेळेची मर्यादा घालतात, आणि मुलानें विचारलें असतां ‘कंपनीकडूनच बंद असेल’ म्हणून वर्तमानपत्रांत डोकें घालतात. मर्यादा घालण्याचा त्यांचा अधिकार आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण नसलेला बिघाड मुलास तास न् तास शोधावयास लावणें यांत शिस्त कोणती आली ? मुलगा राउटर चालू करतो, बंद करतो, नकाशा काढतो, केबल लावतो. त्याची प्रत्येक कसोटी खरें उत्तर देते, आणि घरांतील विश्वासाचें माणूस खोटें. हा प्रकार मुलाच्या लक्षांत यावयास फार दिवस लागत नाहींत, कारण मित्राच्या घरीं त्याच कंपनीचें वायफाय चालू असतें. त्यानंतर खराखुरा बिघाड झाला तरी तो बापाकडेच संशयानें पाहतो, व घरांतील कोणतीही चांचणी कोणासच पटत नाहीं. परीक्षेपर्यंत कन्सोल बंद, मीं बंद केला आहे, अमुक तारखेस चालू करीन, एवढें स्पष्ट सांगावें. रडारड होईल; एक संध्याकाळ होईल. मुलांनींही आपल्या पक्षीं, अभ्यासाच्या वेळीं खेळतांना सांपडल्यावर ‘मी फक्त नेट तपासत होतों’ ही सबब या लेखाच्या आधारें सांगूं नये.

राहतां राहिली कंपनीकडे करावयाची तक्रार. ‘नेट चालत नाहीं’ एवढें सांगितल्यास फोनवरील मनुष्य राउटर बंद करून चालू करावयास सांगणार व फोन ठेवणार. त्याऐवजीं एक साधी वही असावी, आणि तींत मुलानें तारीख, वेळ, चांचणीची कोणती ओळ फसली, केबलवर काय झालें व पेटीवरील दिवे कोणत्या रंगाचे होते, हें त्या त्या वेळींच टिपावें. तीनचार दिवसांचें असें पान वाचून दाखविल्यास तक्रारीचा सूर बदलतो, व घरीं आलेला कारागीरही आधीं कोठें हात घालावयाचा तें जाणून येतो. एका बाबतींत मात्र वहीची वाट पाहूं नये. भिंतीवरच्या पेटीवर ‘लॉस’ या इंग्रजी अक्षरांजवळचा दिवा तांबडा झाला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच थांबलेला असतो. तंतु कोठें तरी तुटला आहे, किंवा कपाट सरकवितांना फार वांकला आहे. वांकलेला दिसल्यास हलक्या हातानें सरळ करून पाहावा. त्याच्या टोकांत मात्र डोळा लावून पाहूं नये, कारण आंतील प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यांस इजा करूं शकतो. तरीही दिवा तांबडाच राहिला तर त्याच क्षणीं तक्रार नोंदवावी, आणि कारागीर येईपर्यंत कन्सोलवरील ज्या खेळांस जाळें लागत नाहीं ते खेळ, घरांतील दुसरा कंट्रोलर वडिलांच्या हातीं देऊन, खेळावयास हरकत नाहीं.